भांगेची नवी वाफ

भांगेचें झाड आपल्या देशाला परकें नाहीं. महाशिवरात्रीस किंवा होळीस घोटून प्यालेली भांग, चिलमींत भरून ओढलेला गांजा आणि झाडाच्या चिकापासून केलेला चरस, अशीं या झाडाचीं तीन रूपें येथें पिढ्यान् पिढ्या माहीत आहेत. इंग्रज सरकारनें १८९३ सालीं या तीन पदार्थांच्या चौकशीसाठीं एक आयोग नेमला. मुंबई इलाख्यासह देशाच्या निरनिराळ्या भागांतून त्यानें ११९३ साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या आणि १८९४ सालीं सात खंडांचा अहवाल सादर केला. मर्यादित सेवनापासून फारसा अपाय होत नाहीं, अतिरेकापासून मात्र होतो, असा त्याचा एकंदर निष्कर्ष होता. भांगेची बाजू मांडणारे लोक आजही या अहवालाकडे बोट दाखवितात.

परंतु त्या आयोगापुढें भांगेचें चौथें रूप आलेंच नव्हतें, कारण तें त्या काळीं जन्मास आलेलें नव्हतें. फाउंटन पेनाएवढी एक नळी, तिच्यांत छोटीशी बॅटरी, तारेचें एक वेटोळें आणि मधासारख्या दाट तेलाचे कांहीं थेंब, एवढीच त्याची सामग्री. नळी तोंडाला लावून ओढली कीं तार तापते, तेलाचें धुकें बनतें आणि तें थेट छातींत उतरतें. राख नाहीं, काडेपेटी नाहीं, उग्र वासही फारसा नाहीं. या साधनाला सर्वत्र व्हेप म्हणतात. अमेरिकेंत व युरोपांतील कित्येक देशांत तें गेलीं अनेक वर्षें साध्या दुकानांतून विकलें गेलें आहे. खोक्यावर हिरव्या पानाचें चित्र असतें, ‘हेंपपासून काढलेलें’ आणि ‘नैसर्गिक’ असे शब्द असतात, आणि ते वाचून घेणाऱ्याचें मन निःशंक होतें. हे शब्द कितपत खरे आहेत आणि तें धुकें छातींत गेल्यावर काय होतें, याचा येथें विचार करावयाचा आहे.

हेंप म्हणून निराळें झाड नाहीं. तें भांगेचेंच झाड होय. त्याच्या फुलांत व पानांत कॅनाबिनॉइड नांवाचीं शंभराहून अधिक द्रव्यें सांपडतात. त्यांपैकीं दोन प्रमुख आहेत. एक टी. एच. सी., ज्यानें नशा येते, दुसरें सी. बी. डी., ज्यानें तशी नशा येत नाहीं. सी. बी. डी. हें १९४० सालीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत रॉजर ॲडम्स यांनीं वेगळें काढलें. टी. एच. सी.ची शुद्ध स्वरूपांतील ओळख मात्र १९६४ सालीं इस्रायलमधील गाओनी व मेशुलम या शास्त्रज्ञांनीं पटविली. पुढें २०१८ च्या डिसेंबरांत अमेरिकेनें शेतीविषयक एक कायदा केला. ज्या झाडांत डेल्टा-९ जातीचें टी. एच. सी. वाळल्या वजनाच्या शेंकडा ०.३ हून अधिक नाहीं, तें झाड हेंप समजावें व त्याची लागवड मोकळी असावी, असें त्यांत ठरलें. हेतु असा कीं, शेतकऱ्याला धाग्याचें, बियांचें आणि सी. बी. डी.चें उत्पन्न मिळावें.

उत्पन्न मिळालें, इतकें मिळालें कीं सी. बी. डी.ला गिऱ्हाईक पुरेना आणि भाव कोसळले. तेव्हां कारखानदारांनीं रसायनशास्त्राचीं जुनीं पानें उलटलीं. सी. बी. डी. आम्लाबरोबर तापविलें असतां त्याच्या अणूंची मांडणी बदलून त्याचें टी. एच. सी. बनतें, ही गोष्ट ॲडम्स यांच्या काळापासून ठाऊक होती. कायद्यानें बंधन घातलें होतें तें डेल्टा-९ वर. मग रेणूंतील एक दुहेरी बंध एक घर अलीकडे सरकवून डेल्टा-८ तयार झालें. त्याचीही नशा येते, मात्र कायद्यांत त्याचें नांव नव्हतें. कोणी त्याच द्रव्यांशीं हायड्रोजन जोडून एच. एच. सी. बनविलें, तर कोणी ॲसेटिक आम्लाचा अंश जोडून टी. एच. सी. ॲसिटेट नांवाचें आणखी जहाल द्रव्य बाजारांत आणलें.

हीं सर्व द्रव्यें ‘हेंपपासून काढलेलीं’ आहेत, हें एका अर्थानें खरें आहे. पण उसाच्या मळीपासून दारू होते म्हणून तिला कोणी उसाचा रस म्हणत नाहीं. झाडांत डेल्टा-८ चा अंश नाममात्र असतो; नळींतील डेल्टा-८ हें बहुधा कारखान्यांतच घडविलेलें असतें. तें घडवितांना आम्ल लागतें, द्रावकें लागतात, एच. एच. सी.साठीं धातूंचीं चूर्णें लागतात. शुद्धीकरण नीट न झाल्यास या सर्वांचे अवशेष तेलांत राहतात. शिवाय अर्धवट झालेल्या क्रियांतून नको असलेलीं उपद्रव्येंही राहतात. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें डेल्टा-८ विषयीं लोकांना इशारा दिला तेव्हां हें कारण ठळकपणें सांगितलें होतें. १ जानेवारी २०२१ ते २८ फेब्रुवारी २०२२ या चौदा महिन्यांत तेथील विषबाधा-केंद्रांकडे या एका द्रव्याच्या संपर्काचीं २३६२ प्रकरणें आलीं, आणि त्यांतील शेंकडा ४१ प्रकरणें अठरा वर्षांखालील मुलांचीं होतीं. या द्रव्याविषयीं खात्याकडे आलेल्या तक्रारींत भ्रम, ओकाऱ्या, कांपरें, गोंधळलेपण आणि शुद्ध हरपणें हीं लक्षणें आढळतात.

येथवर झाला तो पदार्थाचा विचार. आतां तो शरीरांत कोणत्या वाटेनें जातो, तें पाहावयाचें. सर्वांत मोठा घोटाळा येथेंच होतो.

माणसाचें जठर हें मोठें सोशीक इंद्रिय आहे. तिखट, आंबट, शिळें, कडू, सर्व तें पदरांत घेतें. नकोसें झाल्यास ओकून टाकतें. पचलेलें यकृताकडे पाठवितें आणि यकृत त्यांतील बरेंचसें विष निकामी करतें. फुप्फुसाजवळ अशी व्यवस्था नाहीं. त्यांत कोट्यवधि वायुकोश असतात आणि त्यांच्या भिंती कांहीं ठिकाणीं एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतात. एका बाजूस हवा, दुसऱ्या बाजूस रक्त. मध्यें एवढाच पडदा. प्रत्येक वायुकोशाच्या आंतून एका स्निग्ध द्रव्याचा अतिसूक्ष्म थर असतो. हा थर आहे म्हणून श्वास सोडल्यावर कोश मिटून एकमेकांस चिकटत नाहींत. अपुऱ्या दिवसांचीं कित्येक बालकें जन्मतांच श्वासासाठीं धडपडतात, त्याचें कारण याच थराचा अभाव, हें १९५९ सालीं डॉ. मेरी एलन ॲव्हरी यांच्या संशोधनानें उघडकीस आलें. असा हा नाजूक संसार आहे. तेथें तेलाचें धुकें सोडणें म्हणजे रेशमी पडद्यावर दिव्याचें तेल शिंपडण्यासारखें आहे.

जें खाण्यास निर्धोक तें हुंगण्यासही निर्धोक, ही समजूत किती खोटी आहे याचा एक दाखला नशेशीं मुळींच संबंध नसलेला आहे. अमेरिकेच्या मिसुरी राज्यांत मक्याच्या लाह्या तयार करण्याच्या एका कारखान्यांत पूर्वीं काम केलेल्या आठ जणांना फुप्फुसाचा एक दुर्मिळ व असाध्य रोग झाल्याचें २००० सालीं आढळून आलें. श्वासाच्या बारीक नळ्या आंतून वण पडून बुजत चालल्या होत्या. शोध केल्यावर बोट गेलें तें लाह्यांना लोण्याचा स्वाद देणाऱ्या डायॲसिटिल नांवाच्या द्रव्याकडे. तेंच द्रव्य लोक लाह्यांबरोबर आनंदानें खात होते. पण तापलेल्या पिंपांवर वांकून काम करणाऱ्यांच्या छातींत त्याची वाफ गेली आणि तिनें त्यांचा श्वास कायमचा तोडला.

व्हेपच्या बाबतींत हाच धडा २०१९ सालीं फार मोठ्या प्रमाणावर मिळाला. त्या वर्षाच्या उन्हाळ्यांत विस्कॉन्सिन व इलिनॉय या राज्यांतील डॉक्टरांकडे धडधाकट तरुण मुलें धाप लागलेल्या स्थितींत येऊं लागलीं. खोकला, छातींत दुखणें, ताप, त्याचबरोबर ओकाऱ्या व जुलाब. छायाचित्रांत दोन्ही फुप्फुसें पांढुरकीं झालेलीं. प्रथम न्युमोनिया समजून औषधें दिलीं गेलीं, पण जंतु सांपडेनात आणि गुण येईना. रुग्णांना व त्यांच्या नातेवाइकांना खोदून विचारल्यावर एक धागा सर्वांत समान निघाला: प्रत्येकानें व्हेप ओढलेली होती. पुढच्या वर्षीं १८ फेब्रुवारीपर्यंत त्या देशांत अशा २८०७ रुग्णांची नोंद झाली व ६८ जण दगावले. रुग्णांचें मध्यम वय अवघें चोवीस वर्षांचें होतें.

गुन्हेगार कोण, याचा शोध रुग्णांच्या फुप्फुसांतून धुऊन काढलेल्या द्रवांत लागला. १६ राज्यांतील ५१ रुग्णांच्या द्रवाची तपासणी झाली, तेव्हां ४८ जणांच्या द्रवांत ‘ई’ जीवनसत्त्वाचें ॲसिटेट सांपडलें. निरोगी माणसांच्या द्रवांत तें मुळींच नव्हतें. हें द्रव्य कांहीं भयंकर विष नव्हे. त्वचेच्या मलमांत तें असतें, पोटांत घ्यावयाच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांतही असतें. मग तें नळींत कां आलें? गवळी दुधांत पाणी घालतो आणि मग दूध दाट दिसावें म्हणून त्यांत पीठ कालवतो, प्रकार तोच. दाट तेल तें अस्सल, अशी गिऱ्हाइकाची समजूत; तेव्हां अर्काला स्वस्तांत वाढवा तर द्यावयाचा, पण दाटपणा तर राखावयाचा, यासाठीं व्यापाऱ्यांनीं हें निरुपद्रवी द्रव्य निवडलें. जठराला निरुपद्रवी तें फुप्फुसाला काळ ठरलें.

न्यायबुद्धीनें हेंही सांगितलें पाहिजे कीं, त्या वर्षींच्या बहुतेक रुग्णांनीं टी. एच. सी.युक्त नळ्या वापरल्या होत्या आणि त्या मुख्यतः मित्रांकडून किंवा चोरट्या बाजारांतून आल्या होत्या. हेंपच्या राजरोस दुकानांतून नव्हे. म्हणून हेंपचे विक्रेते म्हणतात, ‘आमच्या मालांत तें ॲसिटेट नाहीं.’ पण प्रश्न एका भेसळीपुरता नाहीं. तेल कोणतेंही असो, तें तापतें. आणि तापल्यावर तें पूर्वींचें राहत नाहीं.

ही गोष्ट स्वयंपाकघरांत रोज दिसते. मंद आंचेवरची फोडणी खमंग होते, तीच करपली कीं डोळ्यांना पाणी येतें व घरभर ठसका उठतो. तेल तेंच, मोहरी तीच. उष्णता तेवढी वाढली. नळींतील तार लालभडक झाली म्हणजे हाच प्रकार घडतो, फक्त तेथें ठसका स्वयंपाकघरांत न उठतां वायुकोशांत उठतो. सी. बी. डी. २५० ते ४०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविलें असतां त्याचा शेंकडा २५ ते ५२ भाग दुसऱ्याच द्रव्यांत बदलतो आणि त्या द्रव्यांत नशा आणणारें टी. एच. सी.ही असतें, असें २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत आढळलें. नशा नको म्हणून सी. बी. डी. घेणाऱ्याच्या दृष्टीनें ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. भांगेला वास देणारीं जीं टर्पीन नांवाचीं द्रव्यें, तींही कडक तापविल्यावर त्यांतून बेंझीन निघतें; आणि बेंझीन हें कर्करोगकारक म्हणून प्रसिद्ध आहे. तेल पातळ करण्यासाठीं घातलेल्या ग्लायकॉलपासून फॉर्माल्डिहाइड बनतें. शवें व प्राण्यांचे नमुने टिकविण्याचें फॉर्मलिन तें यापासूनच होतें. तारेंतून निकेल व क्रोमियम यांचे कण सुटतात ते वेगळेच.

सर्वांत धोक्याची गोष्ट टी. एच. सी. ॲसिटेटची आहे. कोणतेंही ॲसिटेट अशा रीतीनें तापलें म्हणजे त्यांतून कीटीन नांवाचा वायु निघण्याचा संभव असतो. पोर्टलंड येथील विद्यापीठांतील संशोधकांनीं २०२२ सालीं कॅनाबिनॉइडांचीं ॲसिटेटें नळ्यांत घालून तापविलीं, तेव्हां कीटीन खरोखरच तयार होतांना आढळला. हा वायु पहिल्या महायुद्धांत वापरलेल्या फॉस्जीनच्या जातीचा परिणाम करतो. त्याचा कावा असा कीं, छातींत गेल्यावर तत्काळ त्रास होईलच असें नाहीं. कांहीं तासांनीं फुप्फुसांत पाणी भरूं लागतें. ओढणारा म्हणतो, ‘बघा, कांहीं झालें नाहीं,’ आणि दुखणें तोंवर आंत शिरलेलें असतें.

वेष्टनावरील मजकुरावर भिस्त ठेवावी, तर तिचीही अवस्था समाधानकारक नाहीं. २०१७ सालीं अमेरिकेंत सी. बी. डी.चे ८४ नमुने विकत घेऊन तपासले, तेव्हां केवळ २६ नमुन्यांवरील लिखित प्रमाण बरोबर निघालें आणि १८ नमुन्यांत टी. एच. सी. सांपडलें. नळीसाठीं विकल्या जाणाऱ्या द्रवांची स्थिति तर सर्वांत वाईट होती. त्याच वर्षाच्या अखेरीस युटा राज्यांत सी. बी. डी. समजून घेतलेल्या मालानें ५२ जण आजारी पडल्याची नोंद झाली. भोंवळ, झटके, भ्रम अशीं लक्षणें होतीं. तपासलेल्या मालांत सी. बी. डी. मुळींच नव्हतें, प्रयोगशाळेंत बनविलेलें एक अगदीं निराळें जहाल द्रव्य होतें.

या साधनाचे कैवारी दोन युक्तिवाद करतात. पहिला असा कीं, यांत धूर नाहीं, म्हणून डांबर व विषारी कर्बवायु नाहींत. हें बव्हंशीं खरें आहे. पण चिलमीपेक्षां एका बाबतींत बरें म्हणजे निर्धोक, असें होत नाहीं. धुरांतील जुने दोष गेले आणि तापलेल्या तेलाचे नवे आले. दुसरा युक्तिवाद असा कीं, सी. बी. डी. हें मान्यताप्राप्त औषध आहे. हेंही खरें आहे. २०१८ च्या जूनमध्यें अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानें तें लहान मुलांतील दोन दुर्धर अपस्मारांवर मंजूर केलें. परंतु तें शुद्ध, मोजलेलें, डॉक्टरच्या देखरेखीखालीं आणि तोंडावाटे द्यावयाचें औषध आहे. औषधाची कीर्ति सांगून नळी विकणें म्हणजे डोळ्यांत घालावयाच्या थेंबांची कीर्ति सांगून कानांत तापलेलें तेल ओतण्यासारखें आहे.

कायदेही हळूहळू जागे होत आहेत. मार्च २०२५ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या मादकद्रव्य आयोगानें एच. एच. सी.ला आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखालीं आणलें. नोव्हेंबर २०२५ मध्यें अमेरिकेनें हेंपची व्याख्या पुष्कळच आंखूड केली आणि कारखान्यांत घडविलेलीं द्रव्यें तिच्याबाहेर टाकलीं. या फेरफाराचा अंमल एका वर्षानें सुरू व्हावा, असें ठरलें. आपल्या देशांत २०१९ च्या कायद्यानें ई-सिगारेटचें उत्पादन, आयात, विक्री, साठा व जाहिरात यांवर बंदी आहे. त्या कायद्यांतील व्याख्या निकोटिनपुरती नाहीं. निकोटिन असो वा नसो, एखादा पदार्थ तापवून ओढण्यासाठीं त्याचें धुकें करणारें विजेचें साधन तींत येतें. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय गांजा, चरस व त्यांचें मिश्रण यांस १९८५ चा मादकद्रव्यविरोधी कायदा आहेच. तेव्हां परदेशांतून येतांना मित्रासाठीं सहज म्हणून आणलेली नळी विमानतळावर सहज राहत नाहीं.

ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी शिकण्यासाठीं परदेशीं आहे, त्या घराला हा विषय दूरचा नाहीं. तेथील वसतिगृहांत ही नळी कोणी खिशांतून काढून पुढें करील तेव्हां ‘यांत दारू नाहीं, तंबाखू नाहीं, नुसती वनस्पति आहे’ असें सांगितलें जाईल. त्या वेळीं उपयोगीं पडते ती आधीं मिळालेली माहिती. नुसता धाक पडत नाहीं. आईबापांनीं मुलाला एवढेंच सांगून ठेवावें कीं, पान म्हणून जें दिसतें तें बहुधा कारखान्यांत घडलेलें असतें, आणि जें घडलें तेंही तापल्यावर तसेंच राहत नाहीं.

आणखी एक गोष्ट याहून महत्त्वाची. २०१९ सालीं रुग्णांच्या दुखण्याचें मूळ कळलें तें यंत्रांनीं नव्हे, विचारपूस केल्यानें. कित्येक मुलांनीं आरंभीं कांहींच सांगितलें नव्हतें. सांगावयाची लाज वाटत होती किंवा घरच्यांची भीति होती. डॉक्टरला माहिती मिळाली म्हणजे तो नळी बंद करवितो, प्राणवायु देतो, योग्य वाटल्यास स्टेरॉइडें देतो; आणि अशा उपचारांनीं पुष्कळ रुग्ण बरे झाले. माहिती न मिळाल्यास तो न्युमोनियाचीं औषधें देत बसतो आणि दिवस निघून जातात. यासाठीं तरुण माणसाला एकाएकी धाप लागली, छातींत दुखूं लागलें, त्याबरोबर ताप व ओकाऱ्या आल्या, तर व्हेप ओढली होती काय, हा प्रश्न डॉक्टरनें विचारण्याआधीं घरांत विचारला गेला पाहिजे, आणि तो अशा स्वरांत विचारला गेला पाहिजे कीं उत्तर खरें यावें. रागवावयाचें असल्यास तें मागाहून रागवतां येईल. श्वास मात्र त्या घटकेसच सांभाळावा लागतो.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वींच्या आयोगानें भांगेविषयीं मुख्यतः एकच गोष्ट विचारली: माणूस ती किती घेतो? आज तेवढें विचारून भागत नाहीं. ती कोणीं घडविली, किती तापविली आणि जठराच्या वाटेनें नेली कीं फुप्फुसाच्या, हेंही विचारावें लागतें. खोक्यावरील हिरवें पान यांपैकीं एकाही प्रश्नाचें उत्तर देत नाहीं.